बाबांचा डावा हात

९ जानेवारी

दादा,

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा पत्ता तू दिलेला नाहीस. पाकीट बघून धसका घेऊ नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि तू परत ये असंही मी म्हणणार नाही. आईने म्हण म्हणून सांगितलंय, पण मी म्हणत नाही.

मला फक्त एक माहिती हवी आहे. तू दुकानात ज्या पेट्या गिऱ्हाइकांना वाजवून दाखवतोस, तसली एक बाबा पियानो वाजवतात त्या हॉटेलने घेतली आहे. अरेंजर कीबोर्ड. डाव्या हाताने तीन बोटं दाबली की आतून ड्रम, बेस, गिटार सगळे आपोआप साथ करायला लागतात आणि उजव्या हाताने आपण नुसती चाल वाजवायची, तीच. बाबांना आता तिच्यावर वाजवायचं आहे.

वाचून तू हसला असशील. हस. तू पियानो सोडून त्या दुकानात लागलास तेव्हा ते तुला काय काय म्हणाले, ते मी दाराआडून ऐकलं होतं. "तू वाजवणारा नाहीस, चावी देणारा आहेस. खेळण्यातल्या माकडाला देतात तशी." आता तेच माकड त्यांच्या पुढ्यात आहे.

हॉटेलने पियानो विकला असता तर बरं झालं असतं. विकला नाही, पोखरला. मॅनेजर म्हणाले, "मास्तर, दिसायला पियानोच राहील हो. पाहुण्यांना काय, वर झाकण उघडं दिसलं की झालं." दोन सुतार बोलावले. तारा आधी सैल केल्या नाहीत तर लाकूड फुटतं, हे त्या सुतारांना माहीत नव्हतं, बाबांना होतं. मग बाबांनाच लावलं. तरुणपणी पियानोच्या दुकानात पॉलिश करता करता शिकलेली सगळी विद्या त्यांनी त्या दुपारी वापरली. एकेक तार स्वतःच्या हाताने सैल केली आणि बाजूला झाले. आतला लोखंडी सांगाडा अजून मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभा आहे. रिकाम्या पोटात आता ती पेटी बसवली आहे.

पेटीवर सगळं लिहिलेलं आहे आणि बाबांना वाचता येत नाही. मी बटनांवर रंगीत कागद चिकटवले आहेत. शाळेत शिकवून सुटले की जाऊन त्यांच्या शेजारी बसते आणि "आता हिरवं, आता निळं" असं हळूच सांगते. पाहुण्यांना वाटतं मी पानं उलटायला बसले आहे. पानं नाहीतच.

विचारायचं ते हे. शुक्रवारी एका कुटुंबाने कोपऱ्यातलं मोठं टेबल घेतलं होतं. त्यातले म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले, नुकत्याच वारलेल्या बायकोबद्दल चार शब्द बोलायला. बाबांची सवय तुला माहीत आहे. कोणी बोलायला लागलं की ते थांबतात आणि डावा हात पट्ट्यांवर नुसता टेकवून बसतात, म्हणजे बोलणं संपलं की हळूच सुरू करता येतं. म्हातारे "माझी ही..." एवढंच म्हणाले आणि बाबांचा हात टेकला. पेटीतून ड्रम, झांजा, ट्रम्पेट, सगळं एकदम सुटलं. बाबांना थांबवायचं बटन सापडेना. जे दाबलं त्याने वेग वाढला. मी तेव्हा हात धुवायला गेले होते. शेवटी बारक्या (तो दोन माणसांएवढा रुंद वेटर, आठवतो ना) ट्रेसकट धावत आला आणि त्याने वायर उपटली. म्हातारे उभेच होते.

मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, मेलेल्या बाईला नाचवलंत की." आणि महिनाअखेरपर्यंत जमवा म्हणाले, नाहीतर दुसरा माणूस बघू.

हात टेकला की ती आपोआप का सुरू होते? ते कुठून बंद करायचं? एवढंच कळव.

तुझी,
मॉनिटर

२४ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. मायना नव्हता, सही नव्हती, माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर काही ओळी होत्या. पण तू सांगितलेलं बटन सापडलं. आता हात टेकला तरी ती गप्प राहते. बाबा आधी दोनदा घाबरत घाबरत टेकवून बघतात, चूल विझली का बघावं तसं.

मागच्या पत्रातली एक गोष्ट खरी नव्हती. आईने तुला परत ये म्हणून सांगितलेलं नाही. ते मी जोडलं होतं. तुझा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुते. एवढंच खरं आहे.

तू शेवटी विचारलंस, "त्यांनी माझं नाव काढलं का?" नाही काढलं. आणि मदत तू करतोयस हेही त्यांना माहीत नाही. मी सांगितलंय की आमच्या शाळेतले संगीताचे सर मला समजावून देतात. आमच्या शाळेत संगीताचे सर नाहीत. बाबांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांनी एका फटक्यात विश्वास ठेवला.

आता दुसरी अडचण. ती पेटी कोणासाठी थांबत नाही. बाबा कसे वाजवतात तुला सांगायला नको. कोणी खुर्ची मागे सरकवली, कोणी हसता हसता थांबलं, की त्यांचा हात रेंगाळतो आणि मग सावकाश पुढे जातो. तेवढ्यात पेटी पुढच्या गल्लीत पोचलेली असते. "ही बया श्वासच घेत नाही," ते म्हणतात. मॅनेजर म्हणतात, "मशीन तालात आहे मास्तर, मागे तुम्ही पडताय." परवा एका पाहुण्याने येऊन पियानोच्या झाकणाखाली डोकावलं. ड्रमवाला कुठे लपलाय ते बघत होता. त्याची बायको म्हणाली, "अहो, बुटका असेल." सगळे हसले. बाबाही हसले. मग घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालले.

तू लिहिलंस, "आता कळेल." मला कळतं तू कशाबद्दल लिहितोयस. मी तेव्हा शाळेत शिकत होते, पण त्या दिवशी आईबरोबर हॉटेलात आले होते. भरलेल्या हॉलमध्ये बाबांनी तुझा डावा हात मनगटाला धरून पट्ट्यांवरून उचलला, तुझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हा घरी ठेवून येत जा." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमातला विनोद आहे. तू उजव्या हाताने तो तुकडा पुरा केलास. मी हे विसरलेले नाही. बाबांची बाजू घेऊन मी तुला लिहीत नाही.

पण त्यांना दुसरं काही येत नाही रे. या वयात त्यांना कोण घेणार? हॉटेल सुटलं तर ते घरात खुर्चीवर बसून राहतील आणि आई त्यांच्याभोवती केर काढत राहील. तिला थांबवायची, मागे खेचायची काही सोय आहे का? असेल तर सांग.

मॉनिटर

२१ फेब्रुवारी

दादा,

एवढं लांब पत्र तू लिहिशील असं वाटलं नव्हतं. दोन्ही बाजू भरून. मी ते बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे सरांचं म्हणून दाखवलं.

तू सांगितलंस तसंच केलं. कंपनीची साथ काढून टाकायची आणि तिच्या जागी बाबांचाच डावा हात पेटीत भरायचा, हे मला कधीच सुचलं नसतं. रविवारी सकाळी हॉल रिकामा असतो, खुर्च्या टेबलांवर उलट्या असतात. आम्ही तिथे बसतो. बाबा फक्त डाव्या हाताने वाजवतात आणि मी तांबडं बटन दाबून भरून घेते. तू बजावलं होतंस तसं सगळं एकाच स्वरपट्टीत घेतलं, बाकीच्या स्वरपट्ट्यांत पेटी ते स्वतः बदलून घेते. आणि ती 'दुरुस्ती'ची सोय बंद ठेवली, म्हणजे बोट जेवढं उशिरा पडतं तेवढं उशिराच राहतं.

मी इतकी वर्षं बाबांचं वाजवणं ऐकते आहे, पण उजवा हात गप्प असताना डावा कधी ऐकला नव्हता. त्यांना विचारलं, हे शिकलात कुठे? म्हणाले, "उजवा हात पाहुण्यांच्या पुढ्यात असतो पोरी. खरं रांधणं आत चाललेलं असतं." पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा हात पेटीतून ऐकला तेव्हा उठून दूरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. तिथून म्हणाले, "बरा वाजवतो की हा."

गेल्या तीन रविवारी ते घरून निघताना दाढी करून निघतात. रिकाम्या हॉलसाठी.

आता पुढचं लिहू की नको याचा मी बराच विचार केला. तू प्रत्येक पत्रात विचारतोस की त्यांनी तुझं नाव काढलं का. परवा काढलं. अर्धवट सांगणं मला जमत नाही, त्यावरूनच तू मला मॉनिटर म्हणायला लागलास, म्हणून जसं बोलले तसं लिहिते. म्हणाले, "तुझ्या सरांना कान आहेत. दुरुस्ती बंद ठेवा म्हणणारा माणूस साधा नाही. आमच्या चिरंजीवांना याच्या निम्मी अक्कल असती तर आज या बाकावर तो बसला असता. पण त्याला एक हात देवाने दिलाच नाही आणि दुसरा त्याने विकला."

रागावू नकोस. नीट बघितलंस तर यात तुझंच कौतुक आहे. सर तूच आहेस.

आवाज कमीजास्त झालेत ते सारखे करून देतो म्हणालास, म्हणून सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घालून सोबत पाठवते आहे. बाबांना विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी सर नाहीत हे सांगावं लागेल.

मॉनिटर

१८ मार्च

दादा,

पेन ड्राइव्ह परत आला. आवाज सारखे झालेत, आभार. सोबत चिठ्ठी नव्हती. दोनदा पाकीट उलटं करून झटकलं.

इकडे सगळं छान चाललं आहे, म्हणून खरं तर मला काळजी वाटते. बाबा आता स्वतःच्या डाव्या हातावर स्वतःचा उजवा हात वाजवतात. रेंगाळायचं तिथे पेटी त्यांच्यासारखीच रेंगाळते. मॅनेजर खूश आहेत. आता डाव्या हाताला नुसती तीन बोटं दाबायची आहेत. "दाराची घंटी वाजवल्यासारखं," बाबा म्हणतात. दाबून झालं की तो हात मांडीवर ठेवतात. कुठे ठेवतात ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मी बघते आणि दुसरीकडे बघते.

एकच लिहायचं होतं. मंगळवारी दुपारी मॅनेजर गंमत म्हणून बाकावर बसले. त्यांना वाजवण्यातलं ओ का ठो कळत नाही. सांगितलं तिथे बोटं दाबली आणि बाबांचा हात वाजायला लागला. त्यांनी दुसऱ्या हाताच्या एका बोटाने वर काहीतरी टिंग टिंग केलं. तेसुद्धा बरं लागलं. ते मोठ्याने हसले, "मास्तर, मी तुम्ही झालो!" बारक्या म्हणाला, "साहेब, मास्तर तुमच्यापेक्षा देखणे आहेत." सगळे हसले. बाबा सगळ्यात जास्त हसले. मला हसू आलं नाही. नंतर मॅनेजरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे पेटीत भरायचं तुम्हाला कोणी शिकवलं? मी सरांचं नाव सांगणार होते. पण ते शाळेत चौकशी करतील अशी भीती वाटली, म्हणून खरं सांगितलं. भाऊ, म्हटलं. अमुक दुकानात असतो.

सांगितलं ते चुकलं का? तू काहीच लिहीत नाहीस.

मॉनिटर

९ एप्रिल

दादा,

आज मॅनेजरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. बसा म्हणाले. मला ते कधी बसा म्हणत नाहीत.

टेबलावर तुमच्या दुकानाचं माहितीपत्रक होतं. पेटी, तिच्याबरोबर वाजवणारा माणूस, आणि तयार साथींचा संच, असं सगळं एकत्र मिळतं म्हणे. मॅनेजरांनी फोनवर नमुना लावला. पहिला सूर विरायच्या आत मला कळलं. तिसरं बोट जेवढं उशिरा पडतं तेवढंच उशिरा पडलं. मी फोनकडे बघत राहिले. मॅनेजर माझ्याकडे बघत होते.

"तुमच्या वडिलांचंच आहे ना?"

"हो."

"शहरातल्या बऱ्याच हॉटेलांनी घेतलंय. मला तर अभिमान वाटला." मग त्यांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. "आता तुम्हीच सांगा मॅडम. तुम्ही शिकलेल्या आहात. मास्तरांचा हात माझ्या मशीनमध्ये आहे. मग मी मास्तर कशाला ठेवू?"

मी म्हटलं, ही चोरी आहे. ते शांतपणे म्हणाले, "मशीन हॉटेलचं, हॉल हॉटेलचा. आणि फाइल बाहेर पाठवली कोणी?"

मी पाठवली. तसं सांगितलं.

माहितीपत्रकाच्या तळाशी वाजवणाऱ्याचं नाव होतं. तुझं. आडनाव गाळलेलं. मॅनेजरांना ते आडनाव माझ्या एका वाक्यामुळे कळलं. म्हणाले, "मी फोनवर त्याला म्हटलं, तुमच्या वडिलांच्या जागेवर बसायला तुम्हाला कसंतरी वाटेल, दुसरा कोणी पाठवा. तर तो म्हणाला, शहरातलं दुसरं कुठलंही हॉटेल नको, हेच द्या. त्याच पेटीवर बसेन."

दादा, मी तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तू सोसलंस ते मी पाहिलंय. बाबा तुझ्याशी वाईट वागले, आणि मागे बोलले ते मी तुला जसंच्या तसं कळवलं, ती चूक माझी. गिळून टाकायला हवं होतं. पण तू एवढं कर, इथे येऊ नकोस. दुसरं कुठलंही हॉटेल घे. त्यांचा हात वाजव, विक, मी कुणाला सांगणार नाही. फक्त ही जागा त्यांना राहू दे. मॅनेजर म्हणाले, तू नाही म्हणालास तर ते मास्तरांना ठेवतील, निदान या वर्षी. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे.

बाबांना अजून काही माहीत नाही. आज संध्याकाळी त्यांनी नवीन चाल बसवली. मला म्हणाले, "सरांना एकदा जेवायला बोलाव."

उलट टपाली लिही.

तुझी,
मॉनिटर

२० एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी छापील कागदावर, दुकानाच्या शिक्क्यासह. "कंपनीच्या नियमाप्रमाणे साथ तयार करणाऱ्याचं नाव संचावर टाकता येतं. टाकायचं असल्यास वडिलांनी स्वतःच्या हाताने नाव लिहून, खाली सही करून पाठवावं."

बाबा पगाराच्या कागदावर अंगठा लावतात, हे तुला माहीत आहे. आपल्या दोघांच्या शाळेच्या फॉर्मवर त्यांनी अंगठाच लावला होता. तू चौथीत होतास तेव्हा वर्गात त्यावरून मारामारी करून आला होतास, त्यांच्या बाजूने. मी हा कागद आईला दाखवला नाही. फाडलाही नाही.

तुला न विचारलेलं सांगते. मॅनेजरांनी बाबांना काल सांगितलं. मी शेजारी उभी होते. म्हणाले, एक तारखेपासून कंपनीचा माणूस येईल. मला वाटलं बाबा भांडतील. त्यांनी फक्त विचारलं, "तरुण आहे?"

"हो."

"डावा हात कसा आहे त्याचा?"

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखाच, मास्तर. हुबेहूब."

बाबांचा चेहरा उजळला, दादा. मी खोटं लिहीत नाही. म्हणाले, "मग ठीक आहे. कोणीतरी ऐकत होतं म्हणजे."

मग मॅनेजरांनी त्यांना दुसरं काम देऊ केलं. दरवान महिनाअखेर गावी जातोय. "तुम्ही उंच आहात, केस पांढरे आहेत, कोट शोभेल तुम्हाला. आणि दारात उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू येतं." शेवटचं वाक्य त्यांनी दयेने म्हटलं असावं. बाबा हो म्हणाले. बारक्या स्वयंपाकघरात गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, नाही म्हणायचंत! लोक काय म्हणतील?"

"लोक आत जाता जाता काय म्हणणार? नमस्कार म्हणतील."

"तुम्हाला लाज नाही वाटत?"

"मी पियानो पुसायचं काम करत होतो तेव्हा तू माझ्याशी लग्न केलंस. तेव्हा वाटली होती का?"

आई भांडी धुवायला गेली.

तू अजूनही नाही म्हणू शकतोस. पत्र पोचायला वेळ लागतो, म्हणून दुकानात फोनही केला. तू आत होतास. मला पट्ट्यांचा आवाज ऐकू येत होता, तोच डावा हात. फोन उचलणारा म्हणाला, साहेब कामात आहेत.

२७ एप्रिल

दादा,

तू येणार हे पक्कं झालं. मॅनेजरांनी तुझ्या सहीचा कागद दाखवला. सही छान आहे, वळणदार. ती तुला मी शिकवली नाही, उलट तूच मला शिकवली होतीस, मी पहिलीत असताना.

आधी एक दुरुस्ती. मागे मी लिहिलं होतं की मी तुला दोष देत नाही. ते मी लिहिलं तेव्हा खरं होतं.

गेले काही दिवस बाबा दाराचं काम शिकत आहेत. कोट त्यांना बाह्यांना आखूड होत होता, आईने शिवण उसवून सोडून दिला. बटनंही घट्ट शिवून दिली. जुना दरवान त्यांना शिकवतो. दार आतल्या बाजूने नाही, बाहेरच्या बाजूने ओढायचं. पाहुणा पायरीवर आला की, आधी नाही. आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, ते आवडत नाही लोकांना. मान खाली ठेवायची, फार तर हातात सामान आहे का तेवढं बघायचं. बाबा संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारावर सराव करतात. आई पाण्याचा तांब्या घेऊन आत जायला लागली की ते दार ओढून धरतात, मान खाली घालून. पहिल्या दिवशी ती चिडली. आता ती त्यांच्या शेजारून तशीच निघून जाते.

ते रोज विचारतात, तो नवा मुलगा कसा असेल. पहिल्या दिवशी त्याला जुन्या पियानोच्या चार खोडी सांगायच्या आहेत म्हणे. बाक डावीकडे किंचित झुकतो, ते सांगायचं आहे. उन्हाळ्यात झाकण फुगतं, ते सांगायचं आहे.

मी त्यांना सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगावं की नाही याचा विचार करत मी वर्गात मुलांच्या वह्या तपासत होते आणि एकाच पानावर दोनदा सही केली. सांगितलं तर ते एक तारखेला कामावर जाणार नाहीत. तापाचं निमित्त काढतील, घरात बसतील, आणि तू आरामात चालत आत जाशील. म्हणून सांगणार नाही. त्यांना यातून काय होईल ते मला कळतं. तू म्हणशील, आता तुझ्यात आणि माझ्यात फरक काय. मी यावर विचार केला. मला फरक सापडला नाही. तरीही सांगणार नाही.

वादक लोक मागच्या दाराने येतात, अंगणातून. तुलाही तीच सवय आहे. मी मॅनेजरांना भेटून आले. म्हटलं, नवा माणूस पहिल्या दिवशी पाहुण्यांसमोरून, पुढच्या दाराने आला तर शोभा येईल, कंपनीचंही नाव होईल. त्यांना पटलं. एक तारखेला संध्याकाळी मागचं फाटक कुलूपबंद असेल. मी शिकलेली आहे, माझं बोलणं त्यांना पटतं.

तेव्हा पुढूनच ये. पायरीवर चढलास की दार उघडेल. बाबा मान खाली घालून उभे असतील. तुझे बूट दिसतील त्यांना, आणि हात दिसतील. लगबगीने आत शिरू नकोस. त्यांना नमस्कारही करू नकोस, आवाजावरून ओळखतील. नुसता उभा राहा. दार किती वेळ उघडं धरलंय असं वाटून ते कधीतरी मान वर करतील. तोपर्यंत हलू नकोस.

मी समोरच्या फुटपाथवर असेन.